हट्ट की न ऐकू येणे?

पेण तालुक्यातील जोहे गावात गणेशमूर्तींच्या डोळ्यांची आखणी होते, तेव्हा कारागिराचे सारे लक्ष नजरेत एकवटलेले असते. कमी ऐकू येणारे मूलही वर्गात असेच नजरेवर विसंबून असते. शिक्षक फळ्याकडे वळून बोलले की सूचना हुकते. मूल भलतेच काही करते आणि हट्टी ठरते. कान देऊन ऐकण्याचा शीण दुपारी चिडचिडीतून प्रकटतो.

म्हणून शिक्षेआधी कारण शोधावे. मुलाला पुढच्या बाकावर बसवावे, खांद्याला हलकेच स्पर्श करून समोरून बोलावे, दिनक्रम चित्रांतून दाखवावा, मधूनमधून शांत विसावा द्यावा. पालकांनी रोज सकाळी श्रवणयंत्राची बॅटरी तपासावी. वांद्रे येथील, १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तपासणी व मार्गदर्शन मिळते. सूचना पोहोचली की वागणूकही सावरू लागते.