गलक्यातलं काम

परभणी-जिंतूर रस्त्यावरचं झरी हे मोठं गाव. अशा गावात पीकविम्याची मुदत संपत आली की सेवा केंद्राच्या टेबलाभोवती उभं राहायला जागा उरत नाही. ऑपरेटर पोरगा आधार कार्डावरचे 12 अंक बघतो, मान वळवतो, कीबोर्डवर उतरवायला लागतो. तेवढ्यात मागून कुणीतरी फोनवर ओटीपी ओरडून सांगतं, शेजारी दोघांचं सोयाबीनच्या भावावरून सुरू असतं, आणि उरलेले अंक डोक्यातून निसटतात. पुन्हा कार्ड, पुन्हा कीबोर्ड. एखादा अंक चुकलाच तर ‘पोराचं लक्ष नसतं’ असं म्हणून मोकळं होतात. त्या पोरावर हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

कारण मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत गेली पन्नास वर्षं लोकांकडून जवळपास हेच काम करून घेतलं जातं. अंकांची किंवा अक्षरांची ओळ दाखवायची आणि मग त्याच क्रमाने लिहायला सांगायची. 1976 मध्ये कोल आणि वेल्श या अमेरिकी संशोधकांनी हे काम चालू असताना इंग्रजी भाषकांच्या कानावर जर्मन बोलणं घातलं. त्यातलं काही कळत नव्हतं, तरी चुका वाढल्या. पुढच्या प्रयोगांत दिसलं, की या बोलण्याचा आवाज बारीक केला तरी फारसा फरक पडत नाही. पंख्याची एकसुरी घरघर मात्र तितकी आड येत नाही. लक्ष मोडतं ते सतत बदलणाऱ्या आवाजाने, आणि माणसाच्या बोलण्याइतकं बदलतं दुसरं काय असतं? वाचनाचं किंवा हिशेबाचं काम असेल आणि कानावर पडणारं कळतही असेल, तर त्रास आणखी वाढतो. फिनलंडच्या वाल्टेरी होंगिस्तो यांनी 2005 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार स्पष्ट ऐकू येणाऱ्या बोलण्यामुळे कामगिरी सुमारे 7 टक्क्यांपर्यंत घसरू शकते.

आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत व्यापारी भागासाठी दिवसा 65 डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीचा दणदणाट रोखायला ती हवीच. पण टेबलाशेजारची कुजबुज तिच्यात कधीच सापडणार नाही.

मग हा त्रास मोजायचा कसा? खऱ्या कार्यालयात आज गर्दी असते, उद्या नसते, आणि प्रयोगासाठी भिंत कुणी हलवू देत नाही. इथे आभासी वास्तवाचा हेडसेट कामी येतो. रिकाम्या खोलीत फुगा फोडून किंवा ठरावीक सूर वाजवून ती खोली आवाजाला कसं उत्तर देते ते टिपतात. बोलणं वेगळं, अजिबात न घुमणाऱ्या खोलीत रेकॉर्ड करतात. संगणक दोन्हींची गणिती सांगड घालतो, आणि तेच बोलणं त्या खोलीत झाल्यासारखं ऐकू येतं. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला उजव्याच्या आधी पोचतो. हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतं, पण दिशा ओळखायला मेंदूला तेवढं पुरतं. म्हणून मान वळली की दोन्ही कानांतला आवाज त्या क्षणी नव्याने जुळवावा लागतो.

एवढं साधलं की आवाज तोच ठेवून मधलं पार्टिशन काढता येतं, छत बदलता येतं, बोलणारा माणूस दाखवता किंवा लपवता येतो. जर्मनीत आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात ध्वनिशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ मिळून अशा आभासी खोल्यांतलं ऐकणं आणि लक्ष यांचा अभ्यास करतात.

नुसत्या टायपिंगच्या वेगावरून निकाल लावण्यात धोका आहे. अमेरिकेत इव्हान्स आणि जॉन्सन यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 40 महिला कारकुनांपैकी काहींना तीन तास खुल्या कार्यालयासारख्या, कमी तीव्रतेच्या आवाजात बसवलं, बाकीच्यांना शांततेत. आवाजात बसलेल्यांचं टायपिंग बिघडलं नाही, ताण वाढल्याचंही त्या म्हणाल्या नाहीत. पण शरीरातलं ॲड्रेनलिन वाढलेलं होतं, आणि नंतर न सुटणारी कोडी दिल्यावर त्यांनी प्रयत्न लवकर सोडले. बसण्याची ढबही त्या कमी वेळा बदलत होत्या. काम उरकत होतं, किंमत शरीर मोजत होतं.

आता आपल्या खोल्या बघा. गिलावा केलेल्या भिंती, खाली फरशी, वर स्लॅब. हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइन यांनी 1895 पासून रात्री-रात्री नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या व्याख्यानाच्या दालनात वाहून नेल्या आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजून एक सूत्र बसवलं. 10 मीटर लांब, 6 मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच अशी खोली धरा. सगळे पृष्ठभाग 3 टक्के आवाज शोषतात असं मानलं, तर रिकाम्या खोलीत घुमारा जवळपास 5 सेकंद टिकतो. दहा माणसं आली की तो 3 सेकंदांच्या आसपास येतो. छताला 70 टक्के आवाज शोषणारं आच्छादन लावलं तर त्याच गर्दीत तो पाऊण सेकंदाच्याही आत येतो.

पण घुमारा कमी झाला की शेजारच्याचा शब्द अधिक स्वच्छ कानावर येतो, आणि त्रास तर त्याचाच. आज आपल्याकडे हे शब्द झाकण्याचं काम छताचा पंखा करतो. लाइट गेली, पंखा थांबला, की पलीकडच्या बाकावरचा शब्दन् शब्द कळायला लागतो. त्यामुळे छतासोबत मधला आडोसा, रांगेची जागा आणि पंख्याचा आवाज यांचा एकत्र विचार हवा, आणि तो खर्च करण्याआधी ऐकून बघण्याची सोय फक्त आभासी खोलीत आहे.

हेडसेट जड असतो, काहींना त्याने गरगरतं, आणि अर्ध्या तासाच्या प्रयोगातून वर्षभराचा थकवा कळत नाही. शिवाय यातले बरेच प्रयोग युरोप-अमेरिकेतल्या शांत कार्यालयांचे आवाज घेऊन झालेत. मराठवाड्यातल्या काउंटरवर माणसं खांद्यावरून वाकून स्क्रीनमध्ये बघतात. हा गलका पीकविम्याच्या मुदतीच्या दिवसांत इथेच रेकॉर्ड करून, मराठी बोलण्यावर, इथल्याच ऑपरेटरांना बसवून प्रयोग व्हायला हवेत.

आवाज शोषणाऱ्या सामानासाठी लांब जायला नको. परभणी कापसाचा जिल्हा. कापसाचा जाड, सच्छिद्र थर बोलण्याचा आवाज चांगला शोषतो. जिनिंगच्या टाकाऊ कापसाचे पॅनेल करता येतील, मात्र आग धरू नये म्हणून त्यावर प्रक्रिया हवी आणि उंदरांपासून जपायला हवं. ते छताला लावायचे, रांगेमागच्या भिंतीला, की ऑपरेटर आणि बाकाच्या मध्ये उभे करायचे, हे मात्र आधी ऐकून ठरवावं.