पोट फुगलेलें बाळ आणि पहिल्या शौचाची वेळ

तान्ह्या मुलाचें पोट फुगलें म्हणजे घरांतील वडीलधाऱ्या बायका बेंबीभोंवतीं हिंगाचा लेप लावतात व गुटींत मुरडशेंगेचे दोन वळसे अधिक देतात. साधा वारा असला तर तो आपला आपण सरतो, आणि यश हिंगाच्या पदरीं पडतें. परंतु जन्मानंतर दोन-तीन दिवसांतच पोट नगाऱ्यासारखें ताणलें, तर प्रथम विचारावें तें हें कीं, बाळाला पहिली काळी शी केव्हां झाली ?

पूर्ण दिवसांचें निरोगी मूल ती बहुधा २४ तासांच्या आंत करतें. ४८ तास कोरडे गेले तर ज्या विकारांची शंका घ्यावी, त्यांत हिर्शस्प्रुंगचा विकार प्रमुख होय. सुमारें पांच हजार मुलांत एकास तो होतो. मुलींपेक्षां मुलग्यांस अधिक.

कोपनहेगनचे बालवैद्य हिर्शस्प्रुंग यांनीं १८८६ सालीं बर्लिन येथें या विकाराचें वर्णन केलें. त्यांना दोष वाटला तो फुगलेल्या आंतड्यांत. खरा दोष त्याखालच्या, दिसावयास साध्या भागांत असतो. गर्भांत मज्जापेशी आंतड्याच्या भिंतींतून वरून खालीं उतरत जातात. त्या वाटेंतच थांबल्या, तर शेवटचा भाग आवळलेलाच राहतो व मळ आणि वारा वर तुंबतात. हा मज्जाहीन भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया बोस्टनच्या स्वेन्सन यांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केली.

निदानांत एक चकवा आहे. डॉक्टरांनीं गुदद्वारांत बोट घालून तपासतांच पुष्कळदां वारा व मळ जोरानें बाहेर येतो, पोट उतरतें आणि घरचीं माणसें निश्चिंत होतात. पुढें पोट पुन्हा फुगतें. म्हणून क्ष-किरणांच्या चित्रावरही न थांबतां गुदाशयाच्या अस्तराचा कणीएवढा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. त्यांत मज्जापेशी नसल्या तर निर्णय पक्का. तुकडा घेण्याची जागा वेदनारहित असते, त्यामुळें आजीबाईंनीं धसका घेण्याचें कारण नाहीं.

धसका घ्यावा तो निराळ्याच गोष्टीचा. अशा मुलास ताप येऊन एकाएकीं दुर्गंधी जुलाब लागले, तर 'कोठा मोकळा झाला' असें कोणी समजूं नये. तो आंतड्यांचा दाह असूं शकतो, व त्यानें मूल दगावतें. हिरवी उलटी झाली तरी घटकाभर न थांबतां, मग रात्र कां असेना, रुग्णालय गांठावें. एरंडेल तर मुळींच देऊं नये.

हा विकार कांहीं कुळांत पुन्हा उद्भवतो. एका मुलास तो झाला असल्यास पुढील बाळंतपणाच्या वेळीं डॉक्टरांस आधींच सांगून ठेवावें.