कावेरीच्या खोऱ्यात भाताशी गवताची स्पर्धा

तमिळनाडूतील कुंभकोणम शहराच्या उत्तरेस कावेरी आणि दक्षिणेस अरसलार नदी वाहते. या पाण्यावर पिकणाऱ्या भाताचा मोठा शत्रू भाताच्याच कुळातील आहे. सावा वर्गातील हे रानगवत कोवळेपणी हुबेहूब भातासारखे दिसते आणि खत, पाणी व प्रकाश यांत वाटेकरी होते.

पाणी उशिरा, तण आधी

या भागात कुरुवै, सांबा आणि ताळडी असे भाताचे तीन हंगाम आहेत. कुरुवै हंगामासाठी मेट्टूर धरणातून १२ जूनला पाणी सोडण्याची परंपरा आहे. साठा अपुरा असल्यास हा दिवस पुढे जातो. २०२४ मध्ये पाणी जुलैअखेर सुटले. अशा वर्षी रोपे लावण्याऐवजी थेट पेरणीकडे कल वाढतो. मजुरांची टंचाई हेही त्याचे एक कारण आहे.

मात्र थेट पेरणीत एक मोठा आधार नाहीसा होतो. लावणीच्या शेतात रोप तणापेक्षा काही आठवड्यांनी मोठे असते आणि साचलेले पाणी तणाचे बी उगवू देत नाही. थेट पेरणीत भात आणि गवत एकाच वेळी उगवतात. पहिल्या महिना-दीड महिन्यात तण आवरले नाही, तर उत्पादनात मोठी घट येते.

गवतातून गवत कसे मारायचे?

भात ओळखण्याची खूण पानाच्या देठाशी आहे. भाताचे पान खोडाला मिळते तेथे पातळ पापुद्र्यासारखी जीभ असते. सावा वर्गातील गवताला ती नसते. शेतात हाताने निंदणी करताना हीच खूण उपयोगी पडते.

तणनाशकाचा भेद मात्र रसायनावर अवलंबून असतो. बिसपायरिबॅक सोडियम तणातील आवश्यक अमिनो आम्लांची निर्मिती रोखते, तर भात ते औषध शरीरात मोडून टाकतो. तण दोन ते चार पानांचे असताना, म्हणजे साधारण १५ ते २५ दिवसांत, हेक्टरी २० ते २५ ग्रॅम क्रियाशील घटक फवारला जातो. तण मोठे झाल्यावर परिणाम घटतो. लेप्टोक्लोआ या गवतावर मात्र हे औषध फारसे चालत नाही. तेथे सायहॅलोफॉप ब्युटिल उपयोगी ठरते.

तण उगवण्यापूर्वी वापरायची औषधे वेगळी आहेत. लावणीनंतर तीन-चार दिवसांत ब्युटाक्लोर हेक्टरी १.२५ किलो क्रियाशील घटक या प्रमाणात ५० किलो वाळूत मिसळून पातळ पाण्यात टाकतात आणि दोन-तीन दिवस पाणी बाहेर सोडत नाहीत. चिखलावर पेरलेल्या भातात प्रेटिलाक्लोर वापरायचे, तर भाताच्या कोंबाचे रक्षण करणारा फेनक्लोरिम हा घटक त्यात असणे आवश्यक आहे.

एकाच औषधाचा धोका

वर्षानुवर्षे एकच औषध वापरले, की त्याला न जुमानणारी मोजकी रोपे जगतात आणि त्यांचेच बी शेतात पसरते. हरियाणातील गव्हाच्या शेतात १९९० च्या दशकाच्या प्रारंभी 'गुल्ली डंडा' या गवताने आयसोप्रोट्युरॉनला अशीच दाद दिली नाही. त्यामुळे दरवर्षी वेगळ्या क्रियेचे औषध आलटूनपालटून वापरणे अत्यावश्यक आहे.

इमेझेथापायर तणनाशक सहन करणारे पुसा बासमती १९७९ आणि १९८५ हे वाण २०२१ मध्ये प्रसारित झाले. त्यांनाही हाच नियम लागू होतो.

औषधाला जोड हवी

कुंभकोणमजवळच्या अडुतुरै येथील भात संशोधन केंद्र १९२२ पासून कार्यरत आहे. तमिळनाडूतील कृषी शिफारशींत तणनाशकाबरोबर यांत्रिक कोळपणीलाही स्थान आहे. पेरणीपूर्वी शेत ओले करून तण उगवू देणे आणि नांगरून नष्ट करणे, स्वच्छ बियाणे वापरणे आणि बांधावरील गवत बी धरण्यापूर्वी कापणे हे उपाय कमी खर्चाचे आहेत.

कोकणातील व विदर्भातील भात उत्पादकांनाही हे लागू पडते. औषधाची मात्रा आणि काळ वेष्टनावरील सूचनेनुसार व स्थानिक कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानेच ठरवावा. फवारताना हातमोजे व मुखपट्टी वापरावी आणि शेतातील औषधी पाणी कालव्यात सोडू नये.