पत्रिका कधी इन्स्टॉल करावी लागत नाही!

कॉलेजात ‘सायबर सुरक्षा’ या विषयावर पोस्टर स्पर्धा लागली की तुम्ही काय काढता? खरं सांगा. काळी हुडी घातलेला, चेहरा न दिसणारा माणूस, मागे हिरव्या आकड्यांचा पाऊस आणि मधोमध भलंमोठं कुलूप. बरोबर ना? आता हेच पोस्टर तासगावच्या आजीसमोर धरा. ‘चोर दिसतोय कुणीतरी,’ एवढंच ती म्हणेल. पण मोबाइलवर आलेलं काय उघडायचं आणि काय नाही, हे तिला त्यातून कळणार नाही. आणि तिच्या खात्यात तर द्राक्षाचे वर्षभराचे पैसे आहेत.

ही अडचण जगभरची आहे. त्या हुडीवाल्याला कंटाळूनच अमेरिकेतल्या ह्यूलेट फाउंडेशनने २०१९मध्ये सायबर सुरक्षेच्या नव्या चित्रांसाठी स्पर्धा घेतली. कुलपाची गोष्ट तर आणखी मजेशीर. ब्राउझरमधल्या कुलपाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना कळतो, असं गुगलला २०२१च्या पाहणीत दिसलं. ‘कुलूप आहे, म्हणजे साइट खरी’ हा सर्रास होणारा गैरसमज. प्रत्यक्षात ते एवढंच सांगतं, की तुमचं आणि त्या साइटचं बोलणं मधल्या कुणाला वाचता येत नाही. पण समोर बसलेलाच भामटा असेल तर? २०२३मध्ये क्रोमने ते चिन्हच बदललं.

मग काढायचं काय? उत्तर आपल्याच भागात आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. सूर्यनमस्काराच्या प्रसारासाठी त्यांनी पुस्तक लिहिलं आणि त्यात एकेक स्थिती छायाचित्रांतून दाखवली. आजाराचा राक्षस काढून भीती नाही घातली. हात कुठे, पाय कुठे, ते दाखवलं. त्यांच्याच संस्थानात, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीतून, १९२०मध्ये ‘किर्लोस्कर’ मासिक सुरू झालं. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हेही चित्रकार आणि व्यंगचित्रकार. चित्र दाखवून समजवायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल कार्यालयानेही फसवणुकीचे चाळीस किस्से ‘राजू अँड द फोर्टी थीव्हज’ या सचित्र पुस्तिकेतून सांगितलेत.

तेव्हा चोर काढू नका. ज्या क्षणी माणूस बोट ठेवतो, तो क्षण काढा. ही घ्या तीन चित्रं.

पहिलं, लग्नपत्रिका. लग्नसराईत व्हॉट्सॲपवर पत्रिका येते. पण फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नाही, ॲप आहे. ते मोबाइलमध्ये शिरलं की तुमचे मेसेज आणि ओटीपी वाचू शकतं. दोन पत्रिका शेजारी शेजारी काढा, दुसरीचं शेपूट लाल करा आणि खाली लिहा, ‘पत्रिका कधी इन्स्टॉल करावी लागत नाही.’

दुसरं, बाण. साताऱ्यात घराघरांत फौजी. त्यामुळे ‘मी जवान बोलतोय, तुमचं कपाट विकत घेतो, पैसे पाठवतोय, एवढा क्यूआर स्कॅन करा’ म्हटलं की आपण विरघळतो. मोबाइल आणि पाकीट काढा. पाकिटात येणाऱ्या बाणावर पिन नाही. बाहेर जाणाऱ्या बाणावर पिन. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, एवढं एका नजरेत कळलं की काम झालं.

तिसरं, झेरॉक्सचं दुकान. हे तुमच्यासाठीच! ॲडमिशनच्या गडबडीत आधार कार्ड दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर टाकता, प्रिंट घेता आणि निघता. फाइल तिथेच राहते. चित्रात तुमची प्रिंट तुमच्या हातात, आणि दुकानाच्या संगणकात तुमचीच सावली बसलेली. उपाय त्याच चित्रात द्या: प्रिंट झाली की फाइल समोर डिलीट करून घ्या. आणि जिथे चालतं तिथे शेवटचे चारच आकडे दाखवणारं ‘मास्क्ड आधार’ द्या.

पोस्टर झालं की लगेच इन्स्टावर टाकू नका. आधी परीक्षा घ्या. आजीला पाच सेकंद दाखवा, पालथं ठेवा आणि विचारा, ‘आता असा मेसेज आला तर काय करशील?’ उत्तर चुकलं तर आजी नापास नाही, पोस्टर नापास. शब्द कमी करा, अक्षरं मोठी करा, पुन्हा दाखवा.

पास झालं की एसटी स्टँड, सोसायटीचं ऑफिस, मार्केट यार्ड, गणपती मंडळाचा मांडव... परवानगी घ्या आणि लावा. खाली एक आकडा मात्र ठळक हवाच: १९३०. फसवणूक झाल्यावर या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन जाईल, तितकी पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता जास्त. लाजेपायी दोन दिवस गप्प बसणाऱ्या माणसाला तो आकडा समोर दिसायला हवा.

स्पर्धेत नंबर येईल, न येईल. एखाद्या आजीचं बोट ऐनवेळी थबकलं, तर तेच तुमचं बक्षीस.