साडेचार शिष्यवृत्त्या आणि नऊ जागा

अमेरिकेतील स्टिलवॉटर येथील ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या पुरुष गोल्फ संघाने १९६३ ते २०२५ या काळात राष्ट्रीय आंतरविद्यापीठीय स्पर्धेची १२ विजेतेपदे मिळवली. त्यांपैकी ८ माइक होल्डर यांच्या प्रशिक्षणाखालची असून, १९९४ मध्ये खुले झालेले ‘कार्स्टन क्रीक’ हे संघाचे हक्काचे मैदानही त्यांच्याच ध्यासातून उभे राहिले.

या वैभवामागची खरी यंत्रणा मात्र गणिताची आहे. प्रत्येक फेरीत पाच जण खेळतात आणि सर्वांत कमी फटके घेणाऱ्या चौघांचीच बेरीज धरली जाते, त्यामुळे एकाचा वाईट दिवस संघ सोसू शकतो, दोघांचा नाही. राष्ट्रीय क्रीडा संघटना एनसीएए हिच्या जुन्या नियमानुसार सर्वोच्च विभागातील पुरुष गोल्फ संघाला केवळ साडेचार पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत आणि प्रशिक्षक त्या खेळाडूंमध्ये अंशाअंशाने वाटत असत. म्हणून नावाजलेल्या खेळाडूच्या घरच्यांनाही बहुधा शुल्काचा काही भार उचलावा लागे.

अभ्यासाचे बंधनही तितकेच काटेकोर आहे. पदवीच्या अटींपैकी ४० टक्के दुसऱ्या, ६० टक्के तिसऱ्या आणि ८० टक्के चौथ्या वर्षाअखेर पूर्ण व्हाव्या लागतात; शिवाय शिष्यवृत्तीधारक दर सत्रात पात्र राहिला का आणि विद्यापीठात टिकला का, यावरून संघाचा शैक्षणिक प्रगती निर्देशांक ठरतो व तो १००० पैकी किमान ९३० असावा लागतो. लहान संघात एकाच्या अपयशानेही हा आकडा घसरतो. सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, पण स्पर्धेचा दिवस तीनच तासांचा धरला जातो. ३६ होल खेळून दिवसभर मैदानावर राबलेल्या विद्यार्थ्याचे उरलेले तास कोणत्याच हिशेबात येत नाहीत.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या समझोत्याने शिष्यवृत्त्यांची जुनी घडी मोडली. तो स्वीकारणाऱ्या विद्यापीठांवर शिष्यवृत्त्यांच्या संख्येची मर्यादा उरली नाही, मात्र गोल्फ संघ नऊ जणांपुरताच राहिला. खेळाडूंना थेट देता येणारी रक्कम २०२५-२६ साठी प्रति विद्यापीठ सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत गेली, पण तिचा मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वळणे अटळ आहे. गोल्फसारखा स्वतःचा खर्च न भागवणारा खेळ त्यामुळे देणगीदारांवर अधिक विसंबून राहील, आणि शिष्यवृत्तीशिवाय येऊन दोन वर्षे घाम गाळत पहिल्या पाचांत पोहोचणाऱ्या मुलासाठीची दहावी जागा नाहीशी होईल. नऊपैकी एक जागा अशा मुलासाठी राखणे प्रशिक्षकाच्या हाती अजूनही आहे, आणि विद्यापीठाच्या संघाने तेवढे तरी करायलाच हवे.