बारावीला गुण कमी, तरी डॉक्टरकीची वाट बंद नाही



शहापूर-मुरबाडकडे फेरी झाली की बांधावर हा प्रश्न निघतोच : "साहेब, पोराला सायन्सला साठच टक्के पडले, आता एमबीबीएस कसलं?"

भौतिक, रसायन व जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला 50 आणि राखीव वर्गाला 40 टक्के पुरतात. तेवढेही नसतील तर मंडळाची गुणसुधार परीक्षा द्यावी. गुणवत्ता यादी लागते ती 'नीट'च्या 720 गुणांवर. त्यातले निम्मे, 360, जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं की 1 वजा. तेव्हा अंदाजाने ठोकू नये. पेपर मराठीतही मिळतो. 2022 पासून कमाल वयाची अटही नाही.

दुसरं वर्ष म्हणजे खोडवा. बुडखे छाटले, नांग्या भरल्या, तरच तो पिकतो. मुलानेही जुने पेपर सोडवून कच्चे धडे हेरावेत. तोवर आपण अधिवासाचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र काढून ठेवावे.

देणगीवर जागा देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागून जमीन गहाण टाकू नका. नीटमध्ये पात्र ठरल्याशिवाय खासगी कॉलेजातही एमबीबीएसला प्रवेश नाही.

— ऊस विकास अधिकारी