राबाचा रकाना

सॉफ्टवेअर तपासणं हा माझा व्यवसाय. वनव्यवस्थापनाचा आराखडा करणारं एक सॉफ्टवेअर माझ्याकडे आलं, तेव्हा इंदिरानगरातल्या घरी बसूनच मी ते तपासलं. बटणं चालत होती, बेरजा जुळत होत्या. मग ते घेऊन पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर गेले आणि तासाभरात माझीच तपासणी अपुरी ठरली.

असा आराखडा गावाने करायचा, याला कायद्याचा आधार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाच्या रक्षणाचा आणि व्यवस्थापनाचा हक्क दिला. २०१२ च्या सुधारित नियमांनी आराखडा करण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे सोपवलं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. सॉफ्टवेअरचं काम एवढंच, की झाडांची मोजणी आणि गावाची वर्षाची गरज घेऊन कुठून किती काढायचं आणि कोणत्या भागाला विश्रांती द्यायची, हे सांगायचं.

पाड्यावर पडद्यावरचा प्रश्न वाचून दाखवला : फांद्या कशासाठी तोडता? पर्याय तीन : जळण, कुंपण, विक्री. एका आजींनी विचारलं, “आणि राब?” पावसाआधी वाळलेल्या फांद्या, पालापाचोळा, शेण वाफ्यावर पसरून जाळायचं आणि त्या भाजलेल्या जमिनीत नागलीची, भाताची रोपं करायची, हा राब. “जळणातच धरू,” आमच्यातलं कुणी म्हणालं. आजींना ते पटेना. जळण चुलीत जातं, राब शेतात.

फरक शब्दापुरता नव्हता. जळण जास्त दिसलं, की सॉफ्टवेअर गॅस वाढवून तोड कमी करायला सुचवत होतं. गॅसवर रोपं होत नाहीत. तो आराखडा मंजूर झाला असता, तर राबासाठी फांदी तोडणारी बाई स्वतःच्याच ग्रामसभेच्या नियमाने गुन्हेगार ठरली असती.

१९८० च्या दशकात अमेरिकेच्या वनखात्याने आराखड्यांसाठी ‘फॉरप्लॅन’ ही संगणकप्रणाली वापरली. तिचं गणित सामान्य माणसाला तपासता येत नाही, अशी टीका तिच्यावर झाली. आकडा बरोबर असला तरी तो कशाचा, हे ज्याचं जंगल त्यालाच विचारावं लागतं.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. “आवडलं का?” असं विचारलं, की पाहुण्याचा मान राखून सगळे हो म्हणतात. म्हणून आता फोन त्यांच्या हाती देतो, गेल्या वर्षी जंगलातून काय काय आणलं ते भरायला सांगतो आणि गप्प बसतो. बायकांबरोबर वेगळं बसतो. मोहफुलं, रानभाज्या यांचा हिशेब बहुधा त्यांच्याकडेच असतो. शेवटी निघालेला आराखडा मोठ्याने वाचून दाखवतो आणि चूक कुठे आहे, ते विचारतो.

राबाचा रकाना आता आला आहे. गडचिरोलीत कदाचित तो रिकामा राहील. तिथे बांबू आणि तेंदूपानांचे प्रश्न निघतील. म्हणून प्रत्येक नव्या गावात तपासणी पहिल्यापासून करावी लागते.